महाजाळाची वाटणी

उकंडा भोयाच्या घरचं महाजाळ साठ हात लांब होतं. त्याच्या बापानं ते तीन हिवाळे खपून विणलं होतं. गावाखाली अरुणावतीचा डोह भर उन्हाळ्यातही पन्नास हात रुंद असायचा आणि या काठापासून त्या काठापर्यंत पोचणारं जाळं सबंध भोईपुऱ्यात ते एकच. दिग्रसच्या बाजारात मरळ, वाम, शिंगाडा या माशांची टोपली घेऊन उकंडाचा धाकटा भाऊ सदाशिव बसला, की गिऱ्हाईक दुसरीकडं बघायचं नाही.

जाळं पाण्यात टाकणं हे दोघा भावांचं काम. पाण्याबाहेर आलेल्या जाळ्याचं सगळं मात्र इंदूबाईकडं. इंदूबाई ही उकंडाची बायको. तेराव्या वर्षी ती या घरात आली, तेव्हा सासूनं तिला चुलीआधी जाळं दाखवलं होतं. "लेकरू उपाशी राह्यलं तं रडते," सासू म्हणाली होती, "जाळं मुकं असते. त्याचं आपल्यालेच समजलं पाह्यजे."

आणि इंदूबाईला ते समजत असे. जाळं आलं की आधी ते वाहत्या पाण्यात हिसळायचं, म्हणजे वाळू आणि माशांचा बुळबुळीतपणा निघून जातो. मग बांबूच्या आडव्या काठ्यांवर ते सैल पसरायचं, तेही सावलीत, जिथं वारा खेळतो तिथं. कडक उन्हात सुताचा जीव जातो. वाळलं की विणीतलं एकेक घर बोटांनी चाचपायचं, तुटलेलं दिसलं की बांबूच्या सुईनं तिथल्या तिथं भरायचं. वर्षातून तीनदा बाभळीची साल तांब्याच्या हंड्यात उकळून त्या लाल पाण्यात जाळं रात्रभर बुडवून ठेवायचं. सालीचं पाणी प्यालेलं सूत कुजत नाही. पावसाळ्यात जाळं घडी करून, आत कडुलिंबाचा पाला घालून आढ्याला टांगायचं. टांगायच्या दोरीत फुटक्या मडक्याचं खापर ओवायचं, म्हणजे वरून उतरणारा उंदीर खापरावरून घसरतो.

अशा बाईच्या हातून जाळं कुजलं. यवतमाळ जिल्हा महाराष्ट्रात आला, त्याच्या पुढच्या फागुनातली ही गोष्ट.

त्या दिवशी सदाशिव सकाळीच डोहावरून आला. ओलं जाळं त्यानं अंगणात ठेवलं आणि माशांची टोपली डोक्यावर घेता घेता तो म्हणाला, "वयनी, जाळं वाळू घालजा. मी दिग्रसले चाललो. बाजार झाला का तसाच फुलसावंगीले जातो, विमलले आनाले." विमल ही सदाशिवची बायको. भावाच्या लग्नासाठी ती माहेरी फुलसावंगीला गेली होती.

"घालतो, जाय तू," इंदूबाई म्हणाली.

चूल विझवून ती जाळ्याकडं वळणार, तोच कळंबहून निरोप घेऊन माणूस आला. तिची आई विहिरीवर पाय घसरून पडली होती आणि शुद्धीवर नव्हती. उकंडा म्हणाला, आत्ता निघालो तरच दिग्रसची मोटार सापडेल, आणि तो उसने पैसे आणायला शेजारी धावला. कुत्री ओढतील म्हणून तिनं जाळं तसंच मागच्या सपरीत, छपराच्या आडोशाला, ओढलं, वर गोणपाट टाकलं आणि अंगावरच्या लुगड्यानिशी ती निघाली. मोटारीत बसल्यावर तिला जाळं आठवलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी आई गेली.

उकंडा पाचव्या दिवशी गावी परतला. इंदूबाई तेरावं होईपर्यंत कळंबलाच थांबली. सदाशिव आणि विमल फुलसावंगीहून एक दिवस आधीच आले होते. काठ्यांवर जाळं दिसलं नाही, तेव्हा वयनीनं वाळवून ठेवलं असेल असं सदाशिवनं धरलं. उकंडानं येताच सपरीतलं गोणपाट ओढलं आणि जाळ्यात हात घातला. हात झटक्यानं मागं घेतला. जाळं आतून उकिरड्यासारखं तापलं होतं. मधला दोन हातांचा पट्टा त्यानं नुसता चिमटीत धरला, तर सुताचा भुगा झाला.

भोयांत एक रीत आहे. घरात बाई कितीही राबो, ज्यानं जाळं पाण्यातून काढून घरी आणलं, ते वाळत पडेपर्यंत ओझं त्याच्यावर. म्हणून उकंडानं सदाशिवला हाक मारली आणि अख्ख्या भोईपुऱ्यासमोर विचारलं, "हे काय हाय?"

सदाशिव जाळ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "चुकलं भाऊ."

तिथंच मिटलं असतं. पण उकंडा नुकताच सासूला पोचवून आलेला, पाच दिवसांचा जागरणाचा माणूस. तो म्हणाला, "चुकनच. बायकोच्या मांगं मांगं फुलसावंगीले पयाचं असते तुले. त्या लोकाईनं तुले जावई नाई, गडी करून ठेवलं."

विमल दारातच उभी होती. सदाशिवनं तिच्याकडं पाहिलं आणि मग त्याचीही जीभ सुटली. बापाच्या वेळचं निघालं, उकंडाच्या लेकीच्या लग्नातलं निघालं, कोणी कोणाला पोसलं ते निघालं. शब्दाला शब्द वाढला, आणि त्या दिवसापासून एका घरात दोन चुली पेटल्या.

इंदूबाई तेरावं आटोपून आली, तेव्हा पंच बोलवायचं ठरून गेलं होतं. दारातच शेजारणीनं तिला सगळं सांगितलं. तिच्या हातात अजून गाठोडं होतं. अंगणात सदाशिव कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. त्यानं एकदा वर पाहिलं, मग मान खाली घालून परत दांडा ठोकायला लागला.

तिनं तोंड उघडलं होतं. पण उकंडा आतून म्हणाला, "हात पाय धू, पानी ठेवलं हाय," आणि ती आत गेली. आज नाही, उद्या सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, संध्याकाळी सांगू. मग पंच आले. पंचांसमोर भिंतीला टेकून ती बसली होती आणि प्रत्येक वेळी कोणी तरी बोलून संपवायचं, की तिला वाटायचं, आता. पण एवढ्या माणसांत आपल्या नवऱ्याला खोटं पाडायचं, तेही इतक्या दिवसांनी, हे तिच्यानं झालं नाही. न बोललेली गोष्ट रोज जड होत जाते. पहिल्या दिवशी ती जी तांब्याएवढी होती, ती आठव्या दिवशी तिला हलवता येईना.

होडी, म्हणजे डोंगा, सदाशिवकडं गेला, तांब्याचा हंडा उकंडाकडं. फेकायची लहान जाळी वाटली. राहिलं महाजाळ. पंचांतला म्हातारा लखीराम म्हणाला, "हे एकानं ठेवा रे बाप्पा. याचे दोन केले तं दोन्ही कामाचे नाई."

"एकानं ठेवलं तं दुसऱ्याचं पोट कशावर?" सदाशिव म्हणाला.

"कापा," उकंडा म्हणाला.

कुजका पट्टा मधोमधच होता. तिथूनच कापलं. वरचा जाड दोर तेवढा कुऱ्हाडीनं तोडावा लागला. इंदूबाई तेव्हा उठून आत गेली.

सदाशिवनं भोईपुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, कडुलिंबाखाली खोपट बांधलं. चैत गेला, वैशाख गेला. तीस तीस हातांची जाळी डोह ओलांडत नव्हती. एका बाजूनं ओढावं तर मासे दुसऱ्या बाजूनं निघून जात. दोघं भाऊ डोहाच्या दोन काठांवर, एकमेकांकडं न बघता, फेकजाळ्यांवर दिवस काढत होते. दिग्रसच्या बाजारात आता सदाशिवच्या टोपलीत बारीक चिंगळ्याच जास्त असायच्या.

जेठात जाळी ठेवणीला घालायची वेळ आली. इंदूबाईनं आपला अर्धा तुकडा धुऊन वाळवला होता. सालीला दोन दिवसांनी हात घालू, असं म्हणून ती सकाळी घागर घेऊन नदीवर गेली आणि कडुलिंबाकडं सहज तिची नजर गेली. सदाशिवच्या काठ्यांवर जाळं वाळत होतं. ते लाल नव्हतं, काळंकुट्ट होतं.

घागर तशीच रिकामी काखेत धरून ती तिकडं गेली. फागुनानंतर त्या अंगणात तिनं पाय ठेवला नव्हता. विमल चुलीपाशी भाकरी थापत होती. जेमतेम वीस वर्षांची पोर, शेतकऱ्यांच्या गावात वाढलेली. जाळ्याचं काम तिला वरवरचंच येत होतं, कारण या घरी ते सगळं जाऊबाई करायची.

"विमल, साल कशात उकळली वं?"

विमलनं वळून पाहिलं, पण थापणं थांबवलं नाही. "पिंपात. सडकीवरच्या नजीर मेस्तरीकडून डांबराचं रिकामं पिंप आनलं त्यायनं. हंडा तुमच्याकडं हाय ना."

"लोखंडात सालीचं पानी काळं पडते, बाई. थे काळं सुताले खाते. आज दिसाचं नाई. दिवाळीले जाळं काढशीन अन् ओढलं का कचाकच तुटन."

आता विमलचे हात थांबले. तिनं काठ्यांकडं पाहिलं. पिंप घासायलाच तिला दोन दिवस लागले होते. रानातून साल सदाशिवनं आणली होती, ती कुटताना तिच्या तळहाताला फोड आले होते. तिचे डोळे भरून आले, पण आवाज तिनं कोरडाच ठेवला.

"मंग आता? फेकून द्याव का?"

"फेकाचं काहून? कालच काढलं ना? मंग अजून खाल्लं नसन. चिंचेचा कोळ कर, पातळ. त्याच्यात भिजवून नदीत हिसळून काढ, चार-पाच डाव. काळं उतरते. मंग नव्यानं साल द्याची, तांब्यात." इंदूबाई थोडी थांबली. "हंडा मी उद्या आनून देतो."

"भाऊजी देतीन?"

इंदूबाई नदीवर गेली आणि घागर भरून घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडा अंगणात फेकजाळं दुरुस्त करत बसला होता. जाळ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, हातात बांबूची सुई. इंदूबाईनं कोठीतून हंडा काढला. राखेनं तो लखलखीत घासला आणि काखेत घेऊन ती दारातून बाहेर पडली.

"हंडा कोठी चालला?" उकंडानं मान वर न करता विचारलं.

"सदूकडं."

"कोनाले इचारून?"

तिनं हंडा खाली ठेवला. मांडव घातलेल्या अंगणात ऊन कवडशांनी पडलं होतं आणि पलीकडच्या घरात कोणी तरी कांडत होतं. एवढ्या साध्या सकाळी आपण हे सांगणार आहोत, हे तिलाच नवल वाटलं.

"तुमाले एक सांगाचं हाय," ती म्हणाली. "थे महाजाळ सदूनं ओलं ठेवलं नव्हतं. थो तं मले सांगून गेलता, वाळू घालजा म्हून. अन् मी हो म्हनलं होतं. मंग कळंबचा निरोप आला. मीच थे सपरीत ओढलं. गोनपाट मीच टाकलं."

उकंडाची सुई चालतच राहिली. एकाच घरातून दोरा दोनदा गेला. ते त्याच्या ध्यानात आलं, त्यानं तो हळूच उसवला.

"त्याले मालूम होतं? तू ठेवलं म्हून?"

"दुसरं कोन ठेवन? घरी तं मीच होती."

"मंग थो चुकलं म्हनाले काहून?"

"थे त्यालेच इचारा."

"पंच बसले तवा तू तेथीच होती."

"व्हय."

"तीन महिने झाले."

"व्हय."

आता हा ओरडेल, सुई फेकेल, असं तिला वाटत होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण उकंडाचा चेहरा ओझं उचलताना पाठीत कळ यावी तसा झाला होता.

"अन् आज कायले सांगतलं?"

"हंडा न्याचा होता," इंदूबाई म्हणाली. "तुमी इचारानच, काहून म्हून. त्यायचं जाळं लोखंडानं काळं पडलं. थे वाचवाचं तं हंडा लागते. खोटं सांगून नेला असता, तं मांगच्यावर अजून एक झालं असतं."

उकंडानं परत मान खाली घातली. तो पुढची घरं भरू लागला, ती उभी राहिली. शेवटी तिनं हंड्याच्या काठाला हात घातला. तो हंडा एकट्या बाईला डोक्यावर घेता येण्याजोगा नव्हता आणि काखेतून तेवढ्या लांब नेणं कठीण होतं. चार पावलं जाऊन तिला तो परत टेकवावा लागला. तेव्हा उकंडानं अंगठ्यातलं जाळं सोडलं, तो उठला आणि त्यानं हंडा उचलून तिच्या डोक्यावर दिला. मग परत येऊन आपल्या जागी बसला.

भर सकाळी, भोईपुऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, डोक्यावर हंडा घेऊन इंदूबाई चालत गेली. दारादारात बाया उभ्या होत्या. तिनं कोणाकडं पाहिलं नाही.

इंदूबाईनं सांगितलं तसं विमलनं सगळं केलं होतं. जाळ्याचं काळं बरंचसं उतरून ते राखाडी झालं होतं. सदाशिव चुलवणासाठी दगड मांडत होता. इंदूबाईनं हंडा उतरवला आणि घरी सांगितलं तेच सगळं विमलला सांगितलं. तिनं आवाज हळू केला नाही, म्हणून कुंपणापलीकडच्यांनाही ते ऐकू गेलं.

विमल आधी इंदूबाईकडं, मग सदाशिवकडं बघत राहिली.

"तुमाले मालूम होतं?" तिनं नवऱ्याला विचारलं. सदाशिव दगड नीट बसवत राहिला. "मालूम होतं अन् मलेबी सांगतलं नाई?" मग ती जावेकडं वळली. "अन् बाई, तुमी गप राह्यल्या. माह्या बापाले साऱ्या गावानं नाव ठेवलं, जावयाले गडी केला म्हून. मी तीन महिने पान्यावर जातो तं खाली मान घालून जातो."

"व्हय," इंदूबाई म्हणाली. "माहीच चूक हाय."

"तुमी सांगाले आल्या, थे बरं केलं. हंडा आनला, थेबी बरं केलं. पन मले आज तुमच्याशी बोलाचं नाई."

"नोको बोलू. साल कोठी हाय थे दाखव."

त्या दिवशी दोघींनी मिळून साल कुटली, हंडा चढवला, पाण्याला लाल रंग धरेपर्यंत जाळ घातला. विमल खरंच एक शब्द बोलली नाही. जाळं सोडायची वेळ झाली तेव्हा इंदूबाईनं पाण्याचा एक थेंब नखावर घेऊन तिला दाखवला. असा रंग नखावर टिकला की पाणी तयार. विमलनं बघितलं, मान हलवली, स्वतःच्याही नखावर एक थेंब घेऊन पाहिला.

विमल आत गेली होती तेव्हा इंदूबाईनं सदाशिवला विचारलं, "काहून सांगतलं नाई रे तू?"

तो लाकडं सारत होता. "तुमची माय गेलती, वयनी. भाऊ थेथूनच आलते. त्या घडीले कसा म्हनू, वयनीनं केलं म्हून? वाटलं, तुमी याल अन् सांगसान." थोड्या वेळानं तो म्हणाला, "अन् मंग भाऊनं विमलच्या माहेराचं काढलं. त्याच्यानंतर मी बी काय कमी बोललो? भांडन जाळ्याचं राह्यलंच नव्हतं. तुमी सांगतलं असतं तरी मिटलं नसतं, असं मले वाटते."

"मिटलं असतं," इंदूबाई म्हणाली. "पह्यल्या दिवशी मिटलं असतं."

सदाशिवनं मान डोलावली आणि आणखी एक लाकूड आत सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदाशिवचं जाळं हंड्यातून काढून दोघी काठ्यांवर घालत होत्या. तेवढ्यात उकंडा आला. त्याच्या खांद्यावर त्याच्या वाट्याचा अर्धा तुकडा होता. तो त्यानं हंड्याशेजारी टाकला.

"पानी अजून चांगलं हाय," तो कोणाकडंही न बघता म्हणाला. "साल वाया कायले घालवा."

सदाशिव खोपटातून बाहेर आला. दोघं भाऊ हंड्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. मग उकंडानं विमलकडं पाहिलं. मोठ्या दिरानं धाकट्या भावजयीशी समोरून बोलायची त्या घरात रीत नव्हती, म्हणून तो भावालाच म्हणाला, "तुह्या सासऱ्याले मी जे बोललो, थे बोलाचं नव्हतं. सांग तिले." आणि गेला.

विमल तिथंच तर होती. तरी सदाशिवनं तिला ते पुन्हा सांगितलं.

भादव्यात नदी थोडी उतरल्यावर उकंडा एक दिवस धुतलेलं धोतर नेसून फुलसावंगीला गेला. तिथं व्याह्याच्या ओसरीवर तो काय बोलला, हे त्यानं घरी सांगितलं नाही. परत येताना त्याच्या पिशवीत व्याह्यानं दिलेली पायलीभर मुगाची डाळ होती. ती त्यानं परस्पर सदाशिवकडं पोचवली.

दिवाळी झाली. जाळी आढ्यावरून उतरली. विमल आता इंदूबाईशी कामापुरतं बोलू लागली होती. कापलेल्या कडा अजून तशाच झिरमिळ्या होत्या. दोघींनी कुजकं सूत कापून काढलं आणि दुहेरी दोऱ्यानं नवी किनार विणायला घेतली. घरांचं माप घ्यायची लाकडाची फळी एकच होती, ती आळीपाळीनं वापरली. किनारी पुऱ्या झाल्या तेव्हा विमलनं दोन्ही तुकडे शेजारी शेजारी पसरले आणि घरं मोजली.

"बाई, बराबर येतात."

"येतीनच. फळी एक हाय."

"मंग मधातून दोरी ओवली तं?"

हे सदाशिवनं उकंडाच्या कानावर घातलं. उकंडानं लगेच नकारार्थी मान हलवली. "वाटनी झाली थे झाली. पंच काई लेकरं नव्हते. आता मी त्यायले काय सांगू, आमी खेय खेयलो म्हून?"

"जोडा म्हून कोन म्हनते?" सदाशिव म्हणाला. "बांधा म्हनतो. डोहात घालाच्या येळी दोरी ओवाची, काम झालं का सोडाची. तुमचं तुमच्याकडं, माहं माह्याकडं."

उकंडा विचार करत राहिला. "सोडाची म्हंजे सोडाची."

"सोडाची."

कार्तिकातल्या एका सकाळी पहिल्यांदा जाळं असं बांधून डोहात घातलं. डोंगा सदाशिवनं हाकला, या काठावर दोर उकंडानं धरला. ओढताना मध्यभागी, तळाशी दोरी सरकली आणि हातभर भगदाड पडलं. जाळं काठाला आलं तेव्हा आत सात-आठ वामी आणि पालापाचोळा. उकंडा खूप काही बोलला, पण ते सगळं दोरीला उद्देशून होतं. मग दोघं भाऊ गुडघाभर पाण्यात बसले आणि प्रत्येक तिसऱ्या घराला गाठ मारत त्यांनी दोरी परत ओवली. दुसऱ्या खेपेला जाळं ओढता ओढता दोघांचे दंड फुगले. काठावरच्या बायांनी लुगडी खोचली आणि त्याही दोराला लागल्या.

त्या संध्याकाळी दोरी सोडली. दुसऱ्या दिवशी परत ओवली. हिवाळाभर हेच चाललं. काही दिवसांनी म्हातारा लखीराम येऊन गंमत बघून गेला आणि म्हणाला, "अरे, रोज सोडता कायले? राहू द्या ना बांधलेलं." उकंडा म्हणाला, "नाई काका. ज्याचं त्यानं वाळवाचं. त्याच्यात भानगड नोको."

घर पुन्हा एक झालं नाही. सदाशिवच्या खोपटाला त्या वर्षी मातीच्या भिंती आल्या आणि चुली दोनच राहिल्या. इंदूबाईला हे पुष्कळ दिवस बोचलं. तिनं एकदा सदाशिवला, परत या, असं सुचवूनही पाहिलं. तो हसला आणि म्हणाला, "वयनी, आता बरं हाय. दूर हाय म्हून बरं हाय." ते खरं होतं, हे तिला पुढं पुढं दिसत गेलं.

पुढच्या जेठात ठेवणीच्या दिवशी हंडा कडुलिंबाखालीच चढला, कारण तिथं सावली होती. सकाळपासून दोघी जावा जाळ्याच्या मागं होत्या. आपल्या तुकड्याची घडी या वेळी विमलनं एकटीनं घातली. घडीत पाला कुठं कुठं ठेवायचा, हे इंदूबाईला विचारावं लागलं नाही. दोरीत खापर ओवताना मात्र ते दोनदा फुटलं आणि दोघींना हसू आलं.

हसता हसताच विमल म्हणाली, "बाई, माह्या भावाले पोरगी झाली. परवा बारसं हाय."

"व्हय का? बरं झालं."

"माय म्हनते, जाऊबाईले संगं घेऊन ये." विमल खापराच्या भोकातून दोरी ओढत होती. "येता का? दोन दिवस राहू. तेथी काई जाळी नाईत, काई कराले लागत नाई."

इंदूबाईनं हातातला पाला खाली ठेवला, लुगड्याला हात पुसले.

"लुगडं कोनतं नेसू?" ती म्हणाली. "हिरवं विरलं हाय खांद्यावर."

"माहं नेसा ना," विमल म्हणाली. "जांभळं. मले थे लांब होते."